अनंताचा वास बाटलीत कसा आणायचा

प्रश्न थोडक्यात असा: देवगडजवळ घर आहे, परसात अनंताची आठ-दहा जुनी झाडं आहेत, हंगामात रोज टोपलीभर फुलं निघतात. कुकरच्या शिट्टीच्या जागी नळी जोडून अर्क काढून पाहिला, तर पाण्याला उकडलेल्या पाल्याचा वास आला आणि वर तेलाचा एक थेंबही दिसला नाही. कुठे चुकलं, आणि अनंताचं अत्तर घरी होईल का?

तुमचं चुकलं काहीच नाही. अनंत वाफेला वास देत नाही, हा त्या फुलाचा स्वभाव आहे. गवती चहाच्या पानात तेल साठवलेलं असतं, म्हणून पातेलंभर पानं उकळली तरी वास येतो. अनंताच्या पाकळीत तसा साठा नसतो. फूल संध्याकाळी उमलतं तेव्हा पाकळी थोडा थोडा वास तयार करते आणि लगेच हवेत सोडते; रात्री उडणाऱ्या पतंगांसाठी ते आमंत्रण असतं. फूल उकळत्या पाण्यात टाकलं की हे काम तिथेच थांबतं. त्या क्षणी पाकळीत जेवढं असेल तेवढंच हाती लागणार, आणि ते नगण्य असतं.

त्यात आणखी दोन अडचणी. अनंताच्या वासात एस्टर जातीचे पदार्थ बरेच असतात (मिथाइल बेंझोएट, टिग्लेट वगैरे), आणि फुलांचं आंबूस पाणी तासभर उकळलं की त्यातले काही फुटतात. दुसरं म्हणजे या वासाचा सायीसारखा स्निग्ध भाग लॅक्टोन नावाच्या जड पदार्थांचा असतो. ते वाफेबरोबर फार सावकाश वर येतात. ते येईपर्यंत पाकळ्या आणि हिरवे देठ शिजून निघतात आणि त्यांचाच वास पाण्यात उतरतो. उत्तर प्रदेशातल्या अत्तरांच्या कनौज गावी मोगरा देग-भपक्यात काढतात (देग म्हणजे फुलं उकळायचा हंडा, भपका म्हणजे वाफ निववून धरणारं भांडं), मग अनंत का नाही, असं कुणीही विचारील. तिथे परंपरेनं भपक्यात चंदनाचं तेल असतं, आलेला वास ते धरून ठेवतं, आणि फुलं ओतली जातात ती क्विंटलच्या हिशोबानं. कुकरमधल्या दोन किलो फुलांशी त्याची तुलनाच होत नाही.

वाळवून ठेवायचा मार्गही बंद. बकुळीची माळ कपाटात महिनोन् महिने वास देते, सुरंगीचे वळेसर सुकले तरी घमघमतात. अनंत दुसऱ्या दिवशी पिवळा पडतो, नंतर तपकिरी होतो, आणि तपकिरी अनंताचा वास कुणालाच नको असतो. हेक्झेनसारख्या द्रावकानं काढलेला ॲब्सोल्यूट, म्हणजे फुलाचा दाट अर्क, असतो, पण तो बाजारात क्वचितच दिसतो. हेक्झेन पेट्रोलसारखं पेट घेतं, त्यामुळे ते घरात आणायचा विचारही नको. शंभर-दोनशे रुपयांत मिळणारं ‘शुद्ध गार्डेनिया तेल’ (गार्डेनिया म्हणजे अनंतच) हे सुट्या सुगंधी पदार्थांतून जुळवलेलंच मिश्रण असतं. जुळवलेलं असणं वाईट नाही, शुद्ध म्हणून विकणं वाईट. मोठमोठ्या अत्तरांतला गार्डेनियाही असाच बांधलेला आहे. शनेलसाठी अर्नेस्ट बो यांनी १९२५ साली ‘गार्डेनिया’ केलं, तेव्हाही वाट हीच होती.

म्हणजे तुमच्यापुढे दोन कामं आहेत. परसातल्या फुलांचा वास चरबीत मुरवायचा, आणि त्याच्याभोवती उरलेला अनंत सुट्या पदार्थांतून उभा करायचा. नुसतं पहिलं केलंत तर वास खरा पण दुबळा. नुसतं दुसरं केलंत तर वास दणदणीत, पण त्यात जीव नाही.

आधी चरबीचं काम. थंड चरबीवर ताजी फुलं ठेवून वास मुरवण्याच्या पद्धतीला आँफ्लराज म्हणतात. फ्रान्समधल्या ग्रास गावात जाई आणि निशिगंधासाठी ती वापरत, डुकराची आणि गुरांची चरबी घेऊन. आपल्याकडे त्याची गरज नाही, कोकमाचं तेल आहे. नुसतं खोबरेल इथे चालत नाही, कारण ते २४-२५ अंशांलाच वितळतं आणि एप्रिल-मे महिन्यात ताटात पाण्यासारखं पातळ राहतं. पातळ तेलात फूल बुडतं, गुदमरतं आणि कुजतं. कोकमतेल चाळीस अंशांच्या आसपास वितळतं, पण एकटं फार कडक. त्यावर फूल नीट टेकत नाही. दोन्ही मिसळली की काम होतं. कडक उन्हाळ्यात वजनानं निम्मं-निम्मं, पाऊस लागून हवा गार झाली की कोकमतेल ४० आणि खोबरेल ६०. बोटानं दाबल्यावर ठसा उमटावा आणि ठशाच्या कडेला तेल सुटू नये, एवढी परीक्षा पुरे.

दोन्ही तेलं वास काढलेली, म्हणजे रिफाइंड, घ्या. घरच्या मुठेलाला, म्हणजे घरी काढलेल्या कोकमतेलाला, स्वतःचा वास असतो, आणि घाण्यावरचं खोबरेल तर अनंताला गिळूनच टाकतं. २५० ग्रॅम मिश्रण गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवा आणि कोमट झाल्यावर भांडं थंड पाण्यात धरून ढवळत घट्ट होऊ द्या. आपोआप सावकाश निवू दिलं तर कोकमतेलाचे रव्यासारखे कण धरतात. २५ सेंटिमीटर व्यासाच्या काठाच्या स्टीलच्या ताटात हा थर अर्धा सेंटिमीटरचा बसतो. वरून सुरीनं आडव्या-उभ्या रेघा ओढा, फुलाला टेकायला जास्त जागा मिळते. ॲल्युमिनियम किंवा कल्हई गेलेलं पितळ वापरू नका.

फुलं संध्याकाळी, नुकती उमललेली, पांढरीशुभ्र असताना तोडा. सकाळी तोडलेलं फूल रात्रभर वास सोडून बसलेलं असतं, शिवाय दवानं ओलं. हिरवा देठ आणि खालचा हिरवा कोष पूर्ण काढायचा. फूल उलटं धरून हलकेच झटका, पाकळ्यांच्या आत बारीक काळे किडे असतात, ते चरबीत मेले की वाया. मग फुलं पंख्याखाली तासभर पसरून ठेवा. पाकळी चिमटीत धरू नका. अनंताला जिथे बोट लागेल तिथे काही वेळात तपकिरी डाग पडतो आणि तो डाग चरबीला लोणच्यासारखा आंबूस वास देतो. एका ताटात दहा-बारा फुलं, तोंड खाली, न दाबता. वर तेवढंच दुसरं ताट उपडं झाकायचं आणि सगळं पाण्याच्या परातीत उभ्या केलेल्या वाटीवर ठेवायचं, नाहीतर रात्रीत मुंग्यांची रांग लागलीच म्हणून समजा.

वीस ते चोवीस तासांनी फुलं उचला. पाकळीची कड पिवळी पडली असली तर चालेल, तपकिरी झाली असेल तर उशीर झाला. चिकटलेले तुकडे चिमट्यानं वेचून काढा आणि नवी फुलं ठेवा. असे किमान पंधरा, शक्यतो वीस भरणे झाले पाहिजेत. एका दुहेरी फुलाचं वजन तीन ग्रॅमच्या आसपास धरलं तर वीस भरण्यांत सुमारे ७०० ग्रॅम फुलं होतात, म्हणजे चरबीच्या जवळजवळ तिप्पट. पाच-सहा भरण्यांनंतर चरबी हुंगून ‘काहीच नाही’ म्हणत बरेच जण सोडून देतात. चरबी वास घट्ट धरून ठेवते, नाकाला कमी देते. थोडीशी मनगटावर चोळून पाहा, अंगाच्या उबेनं ती सुटते आणि मग कळतं.

बिघाड होतो तो बहुतेक पाण्यामुळे. मृग लागला की कोकणातली हवाच ओली. फुलातलं पाणी चरबीत उतरतं, ती खवट होते, कडेला बुरशी धरते. म्हणून वीस भरणे पाऊस लागायच्या आत उरकता येतील असं सुरू करा, किंवा पावसातल्या उघडिपीत करा. पावसात भिजलेलं फूल कितीही सुंदर दिसलं तरी देवाला वाहा, ताटात ठेवू नका. शेवटी सगळी चरबी मंद उबेवर वितळवून उंच काचेच्या ग्लासात ओता आणि अर्धा तास राहू द्या. पाणी आणि गाळ तळाला बसतो, वरचं तेवढं मलमलच्या कापडातून गाळून घ्या. हा झाला पोमेड. फ्रिजमध्ये, गच्च झाकणाच्या काचेच्या बरणीत, हंगाम संपून पुढचा येईपर्यंत टिकतो.

त्यातून अत्तराच्या कामाचा अर्क काढायला ९५ टक्क्यांचं अल्कोहोल लागतं. १०० ग्रॅम पोमेडला १०० ग्रॅम अल्कोहोल, बरणी रोज दोन-तीनदा हलवायची, आठवड्यानं अल्कोहोल ओतून घ्यायचं आणि तेच अल्कोहोल दुसऱ्या ताज्या १०० ग्रॅम पोमेडवर घालायचं. तसं केलं की अर्क दाट होत जातो. मग रात्रभर फ्रीझरमध्ये, आणि सकाळी थंड असतानाच कॉफीच्या फिल्टर कागदातून गाळायचं. विरघळलेली चरबी गोठून वर राहते. हे केलं नाही तर पुढे अत्तर गढूळ होतं आणि कपड्यावर तेलकट डाग पाडतं. अल्कोहोल अत्तरासाठीचं, परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्या. रंगाच्या दुकानातल्या स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकतं, ते विषारी आहे. आणि या सगळ्या कामात आसपास गॅस, उदबत्ती, निरांजन काही नको.

अल्कोहोलच्या भानगडीत पडायचं नसेल तर ताहितीचा रस्ता आहे. तिथे तियारे हे अनंताचंच भावंड, एकेरी फुलाचं. त्याच्या कळ्या रिफाइंड खोबरेलात मुरवून मोनोई नावाचं तेल करतात. ‘मोनोई द ताहिती’ या नावाला १९९२ पासून कायद्याचं संरक्षण आहे, आणि नियम असा की लिटरभर तेलाला किमान दहा फुलं आणि किमान दहा दिवस मुरवण. आपला दुहेरी अनंत जास्त पाणी सोडतो, म्हणून कळ्या अर्धा दिवस सुकवून घाला आणि तीन दिवसांनी काढून नव्या घाला. केसांना, अंगाला लावायला उत्तम. त्याला अत्तर मात्र म्हणता येणार नाही.

आता दुसरं काम, जुळणी. खाली दिलेली मापं वजनानं शंभर भागांची आहेत. हेडिओन २५, बेंझिल सॅलिसिलेट १८, बेंझिल ॲसिटेट १४, लिनालूल १२, फेनिल एथिल अल्कोहोल १०, हेक्सिल सिन्नामिक अल्डिहाइड ८, स्टायरालिल ॲसिटेट ४, यलँग यलँग तेल ३, गॅमा डेकालॅक्टोन १, गॅमा नोनालॅक्टोन ०.५. यानंतरचे पदार्थ पातळ करून घालायचे: इंडोल (१० टक्के द्रावण) १.५, सिस-३-हेक्सेनिल टिग्लेट (१० टक्के) १, मिथाइल बेंझोएट (१० टक्के) १, युजेनॉल (१० टक्के) ०.५, आणि १-ऑक्टेन-३-ऑल (१ टक्का) ०.५. दहा टक्क्यांचं द्रावण म्हणजे १ ग्रॅम पदार्थ आणि ९ ग्रॅम डायप्रोपिलिन ग्लायकॉल (पातळ करायला वापरतात तो जवळजवळ बिनवासाचा द्रव). पहिल्यांदा एकूण १० ग्रॅमच करा, म्हणजे स्टायरालिल ॲसिटेट ०.४० ग्रॅम येईल. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा हवाच. थेंब मोजून हे काम होत नाही, कारण प्रत्येक पदार्थाचा थेंब वेगळ्या वजनाचा.

यात अनंत कुठे आहे? हेडिओन, बेंझिल ॲसिटेट, लिनालूल, हेक्सिल सिन्नामिक हे मिळून एक सर्वसाधारण पांढरं फूल होतं. ते मोगरा म्हणूनही खपेल. त्याला अनंताकडे वळवतो तो स्टायरालिल ॲसिटेट. हिरवा, आंबूस, जवळून हुंगला तर नाकात टोचणारा. एकटा इतका कर्कश लागतो की नवशिका त्याचं माप अर्ध्यावर आणतो आणि मग अनंत का होत नाही म्हणून डोकं धरतो. ४ भाग ठेवा, आठवडाभर मुरू द्या, मग ठरवा.

नोनालॅक्टोनच्या बाबतीत मी याच्या अगदी उलट सांगेन. हा नारळाच्या वासाचा पदार्थ, व्यापारात त्याला ‘अल्डिहाइड सी-१८’ म्हणतात, जरी तो अल्डिहाइड नाही. परदेशी सूत्रांत तो २-३ भाग सहज असतो. तिथल्या नाकाला त्यात सुट्टी, समुद्रकिनारा, ऊन दिसतं. आपल्याकडच्या नाकाला नारळ हा रोजचा, तो कुठेही लपलेला असो, लगेच ओळखू येतो. १ भागाच्या वर गेलात की लोक हुंगून ‘खोबऱ्याची वडी’ म्हणतील, अनंत कुणाला सुचणार नाही. स्निग्धपणा हवा असेल तर डेकालॅक्टोन थोडा वाढवा, तो पिकल्या फळाकडे झुकतो आणि पिवळ्या पडत चाललेल्या फुलाची आठवण देतो.

मात्र खऱ्या फुलाची खूण पटते ती शेवटच्या चिमूटभर पदार्थांवरून. ताजं दुहेरी फूल अगदी नाकाजवळ धरा: गोडाच्या मागे ओल्या अळंब्यांचा एक वास आहे, आणि त्याच्याही मागे किंचित कुबट काहीतरी. अळंब्यांचा तो वास ऑक्टेनॉलचा, कुबटपणा इंडोलचा. ऑक्टेनॉलचं प्रमाण इथे शंभर भागांत ०.००५ एवढंच येतं, तरी काढून पाहा, फूल एकदम साबणातलं वाटू लागतं. दुप्पट केलं तर पावसाळ्यातली ओली भिंत. इंडोल जास्त झाला की डांबराच्या गोळ्या. टिग्लेट हिरवेपणा आणतो, पाकळीच्या मुळाशी असतो तो.

कागदाच्या पट्टीवर लावून तीन वेळा हुंगा: पाच मिनिटांनी, तासाभरानं, दुसऱ्या दिवशी सकाळी. शेजारी वाटीत खरं फूल ठेवा. सुरुवातीला केळं किंवा नेलपॉलिश जाणवलं तर तो बेंझिल ॲसिटेटचा कोवळेपणा आहे, मुरल्यावर बसतो. दोन आठवड्यांनीही राहिला तर १४ वरून ११ करा आणि ते तीन भाग हेडिओनला द्या. तासाभरानं साबण वाटला तर हेक्सिल सिन्नामिक कमी करा. सकाळी पट्टीवर नुसता मऊ, निनावी गोडवा उरत असेल तर तो सॅलिसिलेटचा, ते ठीक आहे. त्याच्याखाली पुढे चंदन किंवा खस येणार आहे.

मिश्रण पिवळं, मग तांबूस होत जातं, हे इंडोलमुळे. बिघडलं असं समजू नका, पण पांढऱ्या कपड्यावर फवारू नका. जुन्या सूत्रांत मिथाइल अँथ्रॅनिलेटही असतं; ते अल्डिहाइडांशी जुळून गडद नारिंगी रंग धरतं, म्हणून इथे मी घेतलेलं नाही. जुन्या सूत्रांतच लिलिअल आणि लायरल ही नावं भेटतील. युरोपात सौंदर्यप्रसाधनांतून लायरल २०२१ पासून आणि लिलिअल १ मार्च २०२२ पासून पूर्ण बंद आहे. कुणी जुना साठा स्वस्तात देत असेल तरी घेऊ नका.

आता दोन्ही कामं एकत्र आणायची. १०० मिलिलिटर अत्तर इथल्या दमट हवेसाठी करायचं असेल तर जुळणी ८ ते १० ग्रॅम पुरे. १५-२० ग्रॅमचं युरोपी प्रमाण मे महिन्यात घाम आलेल्या अंगावर डोकं उठवतं. जुळणी ८ ग्रॅम, चंदनतेल किंवा चंदनाच्या वासाचा पर्याय १.५ ग्रॅम, खस ०.३ ग्रॅम, तुमचा पोमेडचा अर्क २५ ग्रॅम, बाकी अल्कोहोल. वरच्या टोकाला, म्हणजे लावल्या लावल्या येणाऱ्या वासात, काही हवं असेल तर बर्गमॉट ०.५ ग्रॅम, फ्युरोकुमारिन काढलेलं, नाहीतर उन्हात कातडीवर डाग उमटू शकतात. खस हात आखडून घाला. त्याची माती अळंब्यांच्या वासाला जाऊन मिळते आणि अनंत तळघरात जातो. चार आठवडे अंधारात मुरवा, फ्रीझरमध्ये एक रात्र ठेवून पुन्हा गाळा, मग बाटल्या भरा. पोमेडचा अर्क घातलेली आणि न घातलेली अशा नमुन्याच्या दोन बाटल्या एकदा करून बघा. पहिल्या पाच मिनिटांत फरक कळत नाही; अर्ध्या तासानं अर्क घातलेल्या वासाला ओलसर, पाकळीसारखी जाडी येते, दुसरा नुसता गोड राहतो.

ॲलर्जीचं बघा. हेक्सिल सिन्नामिक, बेंझिल सॅलिसिलेट, लिनालूल, युजेनॉल हे सगळे संवेदनशील त्वचेला त्रास देऊ शकणाऱ्या यादीत आहेत, आणि इफ्रा या सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं त्यातल्या बऱ्याच पदार्थांना, यलँग यलँगलाही, वापरानुसार कमाल मर्यादा घातल्या आहेत. अंगावर राहणाऱ्या अत्तराची मर्यादा वेगळी, धुऊन जाणाऱ्या साबणाची वेगळी. प्रत्येक पदार्थाबरोबर पुरवठादाराकडून इफ्रा प्रमाणपत्र आणि सुरक्षा पत्रक मागून घ्या. जो देत नाही त्याच्याकडून माल घेऊ नका.

घरच्यांसाठी आणि लग्नकार्यात भेट द्यायला इतकं पुरेल. विकायचं म्हटलं तर अत्तर हे सौंदर्यप्रसाधनांत मोडतं, त्याच्या उत्पादनाला २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांखाली परवाना लागतो, महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासनाकडून. अल्कोहोलच्या साठ्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे वेगळं जावं लागतं. लेबलवर ‘नैसर्गिक अनंत अत्तर’ लिहू नका. ‘अनंताच्या वासाचं अत्तर, परसातल्या फुलांच्या अर्कासह’ हे खरं आहे आणि विकायलाही कमी पडत नाही. प्रत्येक घाण्याला क्रमांक द्या, त्याची मापं आणि तारीख वहीत ठेवा, आणि त्याच घाण्याची ५ मिलिलिटरची बाटली बाजूला काढा; वर्षभरानं कुणी वास बदलल्याची तक्रार केली की ताडून पाहायला तीच लागते.